हे बिल कोणाच्या नावे?

हिशेब तपासणं हे माझं पोटापाण्याचं काम. त्यामुळे नात्यागोत्यात कोणाच्याही घरी कागदांचा गुंता झाला की तो शेवटी माझ्या पुढ्यात येऊन पडतो. ताईची निळी फाइल अशीच आली. माझ्या भाच्याला एडीएचडी, म्हणजे लक्ष एका जागी न टिकण्याचा आणि स्वस्थ बसू न शकण्याचा विकार, आहे हे कळून आता बराच काळ लोटला. भाऊजींच्या नोकरीच्या ठिकाणी अशा मुलांच्या पालकांना थोडी मदत मिळते, तिचा अर्ज भरायचा होता. अर्जात चौकट एकच, ‘मुलाच्या उपचारांवर वर्षभरात झालेला एकूण खर्च’. ताई म्हणाली, “तू नुसती बेरीज करून दे.” मी टेबलावर फाइल उपडी केली आणि पावत्यांच्या चळती लावायला घेतल्या. डॉक्टरांची फी, औषधं, थेरपी, चाचण्या, अपघात. बऱ्याच पावत्यांवरची शाई उडत चाललेली, रक्कम वाचायला कागद उजेडात तिरका धरावा लागत होता. एकीच्या पाठीवर भाच्यानं बॉलपेननं रॉकेट काढलेलं, आणि त्याच्या ज्वाळा इतक्या जोरात गिरवलेल्या की नेमका रकमेचा कोपरा फाटला होता. त्यातच औषधाच्या दुकानाची एक पावती निघाली, तिच्यावर नाव ताईचं. रक्तदाबाची गोळी आणि झोपेची गोळी. मी ती वर धरून विचारलं, “ही कुठे टाकू?” ताई कपाट आवरत होती. मागे न वळता म्हणाली, “ती माझी आहे. काढ ती. चुकून आली असेल.”

मी ती बाजूला ठेवली. पुढे तशीच आणखी एक निघाली. मग भाऊजींच्या पाठदुखीसाठीच्या फिजिओथेरपीची, मग ताईच्या सासूबाईंच्या मनगटाच्या एक्स-रेची. जिन्याच्या तोंडाशी आडव्या पडलेल्या सायकलला अडखळून त्या पडल्या होत्या. सायकल कोणाची, हे सांगायला नको. “हेही काढ,” ताई म्हणाली, “यात त्याचं काय?” काम संपलं तेव्हा टेबलावर भाच्याच्या नावाच्या पाच नीटस चळती होत्या आणि कडेला एक सहावी, कुठल्याच मथळ्याखाली न बसलेली. चौकटीत मी पाचांची बेरीज लिहिली. नियमाला धरून तेच बरोबर होतं.

सहावी चळत मात्र डोक्यातून जाईना.

आमच्या धंद्यात खर्चाचे थेट आणि अप्रत्यक्ष असे दोन भाग पाडतात. कारखान्यात खुर्ची बनते, तिला लागलेलं लाकूड हा थेट खर्च. छपराखालचा दिवा, पहारेकऱ्याचा पगार, हे सगळ्या खुर्च्यांवर वाटून टाकायचं. कसं वाटायचं यावरून भांडणं होतात, पण वाटलं जातं एवढं नक्की. घरात असं कोणी वाटत बसत नाही. ज्याच्या नावाची पावती त्याचा खर्च, विषय संपला. ताईच्या रक्तदाबाचं कारण कुठल्याच पावतीवर छापलेलं नसतं आणि डॉक्टरांनाही ते विचारायला वेळ नसतो. बरं, रक्तदाब काय, मूल शांत असलं तरी होतोच की लोकांना. मीही मनाशी हाच युक्तिवाद केला. पण हिशेबनिशीची खोड अशी, की दोन आकडे शेजारी दिसले आणि त्यांचा मेळ बसेना, की झोप लागत नाही.

म्हणून मग हा हिशेब आजवर कोणी कसा मांडलाय ते शोधत बसले. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात रॉचेस्टर नावाचं शहर आहे. तिथल्या जवळजवळ सगळ्या रहिवाशांच्या वैद्यकीय नोंदी एकमेकींना जोडलेल्या आहेत, त्यामुळे संशोधकांना ते गाव म्हणजे पर्वणीच. तिथं १९७६ ते १९८२ या काळात जन्मलेल्या मुलांच्या नोंदी काढून एडीएचडी असलेल्या आणि नसलेल्या मुलांवर झालेला वैद्यकीय खर्च तपासला गेला, २००१ साली तो प्रसिद्ध झाला. नऊ वर्षांच्या खर्चाचा मध्यक, म्हणजे रांगेत बरोबर मधोमध येणारा आकडा, एडीएचडी असलेल्या गटात ४,३०६ डॉलर, नसलेल्यात १,९४४. दुपटीहून जास्त. मला खरी उत्सुकता होती ती हा फरक कुठून आला याची. मोठ्या दुखापती ५९ टक्के मुलांना, इतरांत ४९ टक्के. दमा २२ टक्के, इतरांत १३. तातडीच्या विभागात कधी ना कधी जाऊन आलेली ८१ टक्के, इतरांत ७४. म्हणजे खर्च काही केवळ मनाच्या डॉक्टरांच्या दारात होत नव्हता. तो हाडांच्या डॉक्टरांकडे होता, टाके घालणाऱ्यांकडे होता, रात्री उघड्या असलेल्या त्या पांढऱ्या झगझगीत खोलीत होता. ताईच्या फाइलीतली ‘अपघात’ ही चळत औषधांच्या चळतीपेक्षा उंच का होती, ते मला तेव्हा उलगडलं.

ही मुलं पळतात म्हणून पडतात, असं आपण समजतो. भाच्याकडे नीट पाहिलं तर वेगळंच दिसतं. एकदा तो जगमधून पेल्यात पाणी ओतत होता. अगदी मन लावून, जीभ ओठांच्या कोपऱ्यातून बाहेर काढून. आतल्या खोलीत फोन वाजला. त्याची मान तिकडे वळली, आणि मानेबरोबर हातही वळला. पाणी टेबलावरून, माझ्या कागदांवरून, जमिनीवर. तो दचकला, मग पुसायला फडकं आणायला धावला आणि त्याच ओल्या फरशीवरून घसरला. कुठेही खोडसाळपणा नव्हता. आपल्याला फोन ऐकू येतो आणि हाताला ‘थांब’ म्हणण्याइतकी सवड मिळते. त्याला तेवढी फट मिळत नाही. हनुवटीवरचे टाके, कोपराची चीर, कानात अडकलेला मणी, या सगळ्या पावत्यांचा उगम त्या न मिळालेल्या फटीत आहे. पावतीवर अर्थातच ‘पडल्यामुळे इजा’ एवढंच असतं.

चाचण्यांची चळत मला सगळ्यात गमतीची वाटली, कारण तिच्यात एडीएचडीची चाचणी अशी एकही नव्हती. कानांची तपासणी होती, डोळ्यांची होती, रक्ताची होती. हे सगळं ‘दुसरं काही नाही ना’ हे पाहायला. एडीएचडी दाखवणारं रक्त नाही, स्कॅन नाही. आई-वडिलांशी बोलायचं, शिक्षकांकडून प्रश्नावली भरून घ्यायची, मुलाबरोबर बसायचं. लक्षणं निदान सहा महिने टिकून आहेत का, बाराव्या वर्षाच्या आत सुरू झाली का, घरी आणि शाळेतही आहेत का, हे बघायचं. म्हणजे निदानाला लागतो तो माणसाचा वेळ, तोही शिकलेल्या माणसाचा निवांत वेळ. मशीनमधून निघालेल्या कागदाचे पैसे द्यायला विमा योजना सहसा कुरकुरत नाहीत; एका जाणत्या बाईनं दोन तास मुलाकडे पाहिलं, याचे पैसे देताना मात्र ‘याची गरज काय होती’ असं पत्र येतं. मला हे पत्र परिचयाचं आहे. मी स्वतः अशी पत्रं दुसऱ्यांच्या वतीनं लिहिलेली आहेत.

या आजाराच्या इतिहासातही एक आई-बापांचा पैसा आहे, तो मला विशेष वाटतो. अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडमध्ये एका श्रीमंत जोडप्याच्या एकुलत्या मुलीच्या मेंदूला सातव्या वर्षी सूज आली आणि ती कायमची जायबंदी झाली. तिला नेमके उपचार मिळतील अशी जागाच त्या काळी नव्हती. आई-वडिलांनी इस्टेट ठेवली ती अशा मुलांसाठी इस्पितळ काढायला, आणि १९३१ मध्ये एमा पेंडलटन ब्रॅडली होम सुरू झालं. तिथंच डॉ. चार्ल्स ब्रॅडली मुलांच्या मेंदूची हवा भरून क्ष-किरण तपासणी करत. त्या तपासणीनंतर मुलांचं डोकं भयंकर दुखे. ते थांबावं म्हणून त्यांनी बेंझेड्रिन हे उत्तेजक औषध देऊन पाहिलं. डोकेदुखीवर फारसा गुण आला नाही, पण काही मुलं एकाएकी अभ्यासात रमली. १९३७ साली त्यांनी ते लिहून ठेवलं. डोकेदुखीच्या नावे टाकलेला खर्च भलत्याच खात्यात फळाला आला. माझ्या पेशात याला चुकीची नोंद म्हणतात.

आज दिलं जाणारं मिथाइलफेनिडेट त्यानंतर आलं, १९४४ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तयार झालं. भाच्याची गोळी तीच. गोळीची किंमत हा औषधांच्या चळतीतला सगळ्यात साधा भाग निघाला. साधी गोळी तीन-चार तास टिकते. म्हणजे सकाळी घेतलेली गोळी शाळा सुटायच्या आधीच संपते, मग दुपारची गोळी शाळेत कोण देणार, हा प्रश्न. सावकाश विरघळणारी गोळी आठ-बारा तास चालते, पण ती महाग. बरं, हे औषध संयुक्त राष्ट्रांच्या १९७१ च्या करारानुसार नियंत्रित औषधांच्या दुसऱ्या अनुसूचीत आहे. दुकानदार ओळखीचा असला तरी जुनी चिठ्ठी दाखवून मिळत नाही. नवी चिठ्ठी हवी, चिठ्ठीसाठी डॉक्टरांची वेळ हवी, वेळेसाठी कोणीतरी अर्धी रजा टाकायला हवी. तिथं गेल्यावर वजन, उंची, नाडी, रक्तदाब. या गोळीनं भूक मरते, दुपारचा डबा तसाच परत येतो, आणि वजनाचा काटा पुढे सरकला की नाही हे पाहताना ताईचा चेहरा मी पाहिलाय. अर्ध्या रजेची पावती कुठेच मिळत नाही. मी चळतीत शोधली, सवयीनं.

सहाव्या चळतीचं उत्तर मला दोन ठिकाणी मिळालं. २००३ मध्ये अमेरिकेत एका मोठ्या कंपनीच्या कर्मचारी-कुटुंबांच्या विम्याच्या दाव्यांवरून एक अभ्यास झाला. एडीएचडी असलेल्या रुग्णाचा वर्षाचा सरासरी खर्च १,५७४ डॉलर, त्याच्यासारख्याच पण एडीएचडी नसलेल्याचा ५४१. इथवर नवल नाही. पुढे त्यांनी त्याच घरातल्या, स्वतःला एडीएचडी नसलेल्या माणसांचा हिशेब काढला, आजारपणाच्या रजांसकट. माणशी २,७२८ डॉलर. इतर घरांतल्या अशाच माणसांचा १,४४०. म्हणजे रजा धरल्या तर मुलाच्या शेजारच्या खुर्चीवर बसणाराच त्याच्याहून महागात पडत होता. दुसरा हिशेब नेदरलँड्सचा, २०१४ चा. तिथं मुलांच्या आणि किशोरांच्या एडीएचडीपायी देशाला वर्षाला १०४ ते १५३ कोटी युरो खर्च येतो असा अंदाज निघाला. सगळ्यात मोठा वाटा शिक्षणाचा, ६४.८ कोटी. मुलांच्या स्वतःच्या औषधपाण्याचा ८.४ ते ३७.७ कोटी. आणि कुटुंबीयांच्या औषधपाण्याचा, जो मुलाच्या आजारापायी झाला असावा, तो १६.१ कोटी. त्याखेरीज त्यांच्या बुडालेल्या कामाचे १४ ते ३४ कोटी वेगळेच. खालचा आकडा धरला तर मुलाच्या डॉक्टरांपेक्षा आई-बापांच्या डॉक्टरांवरच जास्त पैसे गेले.

मी हे ताईला फोनवर वाचून दाखवलं. ती म्हणाली, “हो का? मग नेदरलँड्सला कळव, आमच्याकडेही तसंच आहे.”

पण हिशेबनीस एवढ्यावर खूश झाली तर ती कसली हिशेबनीस. मला एक शंका छळत राहिली. एडीएचडी हा घराण्यातून उतरणारा प्रकार आहे. माणसामाणसांतला यातला फरक साधारण ७४ टक्के आनुवंशिकतेनं येतो, असं जुळ्यांच्या अभ्यासांतून दिसतं. भाऊजींकडे पाहा. चाव्या हरवण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नाही. बिलं भरायची तारीख उलटल्यावर त्यांना आठवते, दंडासकट भरतात. सिनेमा अर्धा झाला की उठून गच्चीवर येरझाऱ्या घालतात. नोकऱ्या बदलल्या त्या प्रत्येक वेळी ‘साहेबाशी पटलं नाही’ म्हणून. भाच्याच्या तपासणीत बालमानसोपचारतज्ज्ञ लक्षणं एकेक करून विचारत गेल्या, तशी भाऊजींची मान खाली खाली जात होती, असं ताई सांगते. शेवटी म्हणाले, “हे तुम्ही कोणाबद्दल विचारताय?” मग त्यांच्या पाठदुखीची ती पावती कोणाच्या नावे टाकू? मुलामुळे बापाचा खर्च वाढला, की बापाकडून मुलाकडे काही आलं आणि दोघांचाही वाढला? विम्याच्या दाव्यात ‘स्वतःला एडीएचडी नसलेले’ म्हणून धरलेल्या त्या माणसांत असे कितीतरी भाऊजी असतील, ज्यांना कधी कोणी विचारलंच नाही. आकडा खरा असतो. तो कोणाकडे बोट दाखवतोय हे मात्र आकड्याला ठाऊक नसतं.

बोट दाखवण्यावरून आठवलं. त्या दिवशी बेरीज चालू असताना भाचा माझ्या खांद्यावरून डोकावत होता. कॅल्क्युलेटरवरचा आकडा त्यानं वाचला, स्थानं मोजून, मोठ्यानं. मग विचारलं, “मावशी, हे सगळे माझे?” मला उत्तर सुचेना. ‘नाही’ म्हणणं खोटं, ‘हो’ म्हणायला जीभ उचलेना. ‘तुझ्यासाठी’ आणि ‘तुझ्यामुळे’ या दोहोंत जे अंतर आहे ते दहा वर्षांच्या मुलाला कसं समजावणार, असा माझा विचार चालू होता, तेवढ्यात त्याला कॅल्क्युलेटरवरचं टक्क्यांचं बटण दिसलं. ते दाबून पाहू का, दाबलं तर काय होतं, सगळ्याचे शंभर टक्के केले तर तेवढंच येतं का? आम्ही पुढचा बराच वेळ टक्के काढत बसलो. त्याच्या मनाला तो प्रश्न चिकटला की नाही, मला माहीत नाही. ही मुलं ऐकत नाहीत असं म्हणतात. माझा अनुभव असा की ती ऐकतात, फक्त ऐकल्याचा चेहरा करायला विसरतात.

पैसे टाकून नक्की मिळतं काय, हाही प्रश्न उरतोच. अमेरिकेत या विषयावरचा सगळ्यात गाजलेला प्रयोग ५७९ मुलांवर झाला, १९९९ साली त्याचे निष्कर्ष आले. काही मुलांना काटेकोर मापात औषध, काहींना वर्तनोपचार, काहींना दोन्ही, आणि काहींना आपापल्या गावात मिळतील ते उपचार. चौदा महिन्यांनी मूळ लक्षणांवर औषधाची बाजू सरस ठरली, आणि आखून दिलेल्या तिन्ही उपचारांच्या खर्चाच्या तुलनेतही औषधच सगळ्यात स्वस्त. हिशेब तिथं संपतो असं वाटतं. पण तीन वर्षांनी पुन्हा पाहिलं तेव्हा गटागटांमधला फरक पुसून गेला होता. वर्तनोपचार म्हणजे तरी काय होते? पालकांचे २७ गटवर्ग, वर आठ वैयक्तिक बैठका, मुलांसाठी उन्हाळ्यात आठ आठवड्यांचं शिबिर, शाळेत १२ आठवडे मदतनीस. थेरपिस्टच्या प्रत्येक तासाचे पैसे मोजता येतात. त्या २७ वर्गांना जाऊन बसलेल्या आईचे तास कुठल्या रकान्यात? ताई तसल्याच एका वर्गाला जाऊन आली आहे. तिथं शिकवलेलं ती अजून करते. एका वेळी एकच सूचना, ती डोळ्यांत डोळे घालून, आणि पूर्ण झाली की लगेच कौतुक. “बूट घाल. छान. आता दप्तर.” दिवसभर हे. ऐकायला सोपं आहे, एकदा सकाळी करून पाहा. पहिला बूट आणि दुसरा बूट यांच्यामध्ये तो खिडकीपाशी जाऊन एक मुंगी पाहून, तिच्याबद्दल आम्हाला माहिती देऊन, परत आलेला असतो.

स्वस्त गोळी घ्या नि मोकळे व्हा, असं म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. गोळी म्हणजे विष, असं सांगत फिरणाऱ्यांचा त्याहून जास्त. दोन्ही मंडळींना बिल दुसऱ्यानं भरलेलं चालतं.

उशिरा कळण्याचीही किंमत असते, आणि ती बहुधा मुली मोजतात. माझ्या एका सहकाऱ्याची मुलगी पंधराव्या वर्षापर्यंत ‘स्वप्नाळू’ होती. वर्गात शांत, कोणाला त्रास नाही, नुसती खिडकीबाहेर बघत बसणारी. धिंगाणा न घालणाऱ्या मुलाला कोणी डॉक्टरकडे धाडत नाही. तोवर तिचे चष्मे बदलून झाले, रक्तवाढीची औषधं झाली, परीक्षेच्या आधी होणाऱ्या पोटदुखीच्या सोनोग्राफ्या झाल्या, दोन-तीन शिकवण्या झाल्या, आणि शेवटी ‘मीच मठ्ठ आहे’ या समजुतीवरचं समुपदेशन. या सगळ्या पावत्या एडीएचडीच्या आहेत, पण एकीवरही ते नाव नाही, आणि कुठल्याही देशाच्या हिशेबात त्या कधी येणार नाहीत. उलटंही घडतं. अमेरिकेत जिथं शाळाप्रवेशासाठी वय १ सप्टेंबरला मोजतात, तिथं ऑगस्टमध्ये जन्मलेली म्हणजे वर्गातली सगळ्यात लहान मुलं. २०१८ च्या एका मोठ्या अभ्यासात त्यांच्यात एडीएचडीचं निदान दहा हजारांत ८५, तर सप्टेंबरमध्ये जन्मलेल्यांत ६४ च्या आसपास निघालं. एका वर्षानं लहान असल्याचं बिल काहींच्या माथी आजार म्हणून मारलं गेलं. म्हणूनच त्या जाणत्या बाईचे दोन तास मला महाग वाटत नाहीत.

वाढत्या वयात आणखी एक पेच पडतो. चिठ्ठी आई आणते, पैसे बाप देतो, पण गोळी गिळायची की नाही हे वयात आलेलं पोर ठरवतं. सहकाऱ्याच्या त्या मुलीनं मध्येच काही दिवस गोळ्या खणात साठवून ठेवल्या होत्या. विचारलं तर म्हणाली, “घेतल्यावर माझं हसणं कमी होतं.” यावर कोणता आकडा सांगणार? डॉक्टरांनी मात्रा बदलली, ते जमलं. पण पुष्कळ मुलं याच वयात औषध सोडतात, आणि नेमकं याच वयात हातात गाडी येते, रात्रीची मित्रमंडळी येतात, धाडस येतं. २०१९ च्या एका अमेरिकी अभ्यासात १४ ते १७ वर्षांच्या मुलांच्या पालकांना विचारलं होतं, की मुलाच्या वागण्यापायी आजवर घराला किती झळ बसली. एडीएचडी असलेल्यांकडे सरासरी १५,०३६ डॉलर, इतरांकडे २,८४८. पाचपट. आणि जिथं घराला ही झळ सोसण्याची ऐपत नाही तिथं काय? जागतिक आरोग्य संघटनेची अत्यावश्यक औषधांची एक यादी आहे, अनेक देश काय पुरवायचं ते तिच्यावरून ठरवतात. तिच्यात मिथाइलफेनिडेट घ्यावं हा अर्ज २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये फेटाळला गेला. दीर्घकालीन फायद्याचा पुरावा पुरेसा नाही, असं समितीचं म्हणणं. त्यांच्या जागी मी असते तर कदाचित मीही आणखी कागद मागितले असते. पण कागद जमेपर्यंत पोरं मोठी होतात.

तेव्हा हिशेबाची दुसरी बाजू कोणी मांडलीय का, हेही मी पाहिलं. हाँगकाँगमध्ये मिथाइलफेनिडेट घेणाऱ्या १७ हजारांवर मुलामुलींच्या नोंदी तपासल्या गेल्या, २०१५ मध्ये त्या प्रसिद्ध झाल्या. त्यांनी एक फार चोख गोष्ट केली. एका मुलाची दुसऱ्याशी तुलना न करता प्रत्येकाची त्याच्या स्वतःशीच केली. गोळी चालू असतानाचा तो आणि बंद असतानाचा तो. त्यामुळे घर, स्वभाव, बाप कसा, हे सगळे वाद आपोआप मिटले. गोळी चालू असताना दुखापतीमुळे तातडीच्या विभागात जाण्याचं प्रमाण ९ टक्क्यांनी कमी दिसलं. नऊ टक्के म्हणजे काही चमत्कार नव्हे. पण माझ्यासारखीला त्यात भलतीच अडचण दिसली. हे कमी झालेले नऊ टक्के आमच्या कुठल्या वहीत येतात? जे टाके पडले नाहीत त्यांची पावती कोण फाडणार? खर्चाच्या बाजूला प्रत्येक गोळी दिसते आणि वाचलेल्या बाजूला नुसता कोरा कागद.

ताईला मी हे सांगितलं. औषध सुरू झाल्यानंतरच्या फाइलीत अपघाताच्या पावत्या विरळ झाल्या आहेत, हेही दाखवलं. म्हटलं, “आपल्याकडे याचा पुरावा म्हणून दाखवायला एकही कागद नाही.” ती फाइलची दोरी बांधत होती. म्हणाली, “अगं, नसू दे. मला तर तो कागदच नको होता.”